बिनफोरमनचा प्रवास

अय्यूब धनसे घराबाहेर पडतात तेव्हा आमच्या गल्लीतली पोरं खेळ थांबवून बघत उभी राहतात. कुलूप लावून ते एकदा ओढून पाहिलं की अय्यूबभाई एक पाऊल मागे येतात, उजवा हात खांद्यापासून सरळ करतात, कुलपावर बोट रोखतात आणि खणखणीत आवाजात म्हणतात, "योशी!" मग पोरंही बोटं रोखून ओरडतात, "योशी!" रोह्याशेजारच्या आमच्या अष्टमी गावात नवं बिऱ्हाड आलं की त्यांना वाटतं, म्हाताऱ्याच्या डोक्यात काहीतरी आहे. महिनाभरात तीच मंडळी गॅस बंद केल्यावर शेगडीकडे बोट दाखवायला लागतात.

ही सवय त्यांना कुवेतमध्ये लागली. तिथे ते पाइप फिटर होते, एका जपानी कंपनीच्या कामावर. त्यांचा फोरमन कुदो नावाचा जपानी गृहस्थ होता. बुटका, रुंद, कधी न हसणारा. त्याचा नियम असा की व्हॉल्व्ह बंद आहे हे नुसतं डोळ्यांनी बघायचं नाही. बोट दाखवायचं आणि तोंडाने म्हणायचं, योशी, म्हणजे ठीक आहे. डोळा सवयीने फसतो. बोट आणि तोंड त्याच्या सोबतीला दिलं की सहसा फसत नाही. जपानात रेल्वेपासून कारखान्यांपर्यंत सगळीकडे ही रीत आहे म्हणे. बाकीच्या कामगारांनी ती कुवेतमध्येच सोडली, अय्यूबभाई घेऊन आले.

मी रोह्याच्या शाळेत शिकवत होतो. त्यांचा मुलगा इकबाल माझा विद्यार्थी. आता तो कतारला, दोह्यात, एका कंपनीत सुपरवायझर आहे. मी निवृत्त झालो आणि अय्यूबभाई कायमचे परत आले, ही दोन्ही एकाच वर्षातली गोष्ट. तेव्हापासून संध्याकाळी कुंडलिकेच्या पुलापर्यंत आमचं एकत्र फिरणं सुरू झालं. हा माणूस कमी बोलतो, पण एकदा बोलला की वाक्य लक्षात राहतं. एकदा पुलाच्या कठड्याला टेकून मी सहज म्हणालो, "तुमचं बरं, अय्यूबभाई. जग बघून झालं. मी आपला पेण ते रोहा."

ते पाण्याकडे बघत म्हणाले, "मास्तर, मी गेलो खरा, पण कधी स्वतःहून गेलो नाय. मला नेलं."

मग सांगितलं ते असं. एजंटाने बोलवायचं, एजंटाने तिकीट हातात द्यायचं. विमान उतरलं की कंपनीच्या नावाची पाटी धरून एक माणूस उभा. त्याच्या मागे मेंढरांसारखं चालायचं. बस, कॅम्प, खाटेचा नंबर. पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात, तो सुट्टीवर निघतानाच दिसायचा. कुठे उतरायचं, कधी जेवायचं, कधी घरी जायचं, सगळं दुसऱ्याने ठरवलेलं. त्यांची तक्रार नव्हती. त्या पगारावर घर उभं राहिलं, बहिणींची लग्नं झाली, इकबाल शिकला. "पण एकदा तरी," ते म्हणाले, "पाटी धरलेला माणूस नसलेल्या ठिकाणी उतरायचं हाय मला."

ठिकाणही ठरलेलं होतं. कुदोच्या केबिनमध्ये एका डोंगराचं चित्र टांगलेलं असायचं. उत्तर जपानातला इवाकी डोंगर. जुना ज्वालामुखी, आता शांत. सपाट भातशेतीतून एकटाच वर आलेला, वर तीन शेंडे. कुदो त्याच डोंगराखालचा. वाळवंटात उन्हाने डोळे जळत असताना अय्यूबभाई परमिटवर सही घ्यायला त्या केबिनमध्ये जात आणि त्या हिरव्या पायथ्याकडे बघत. तो पायथा आपल्या रोह्याजवळच्या मेढ्या-पडमच्या भातखाचरांसारखा दिसतो, असं त्यांना वाटे.

"म्हणजे कुदोला भेटायला निघालात तर," मी म्हणालो.

"नाय. कुदो हाय की नाय, ठाऊक नाय. मला डोंगर चढायचा हाय."

घरात हे सांगितलं तेव्हा मी चहाला तिथेच होतो. नूरबानोभाभींनी कप खाली ठेवला नाही की आश्चर्य दाखवलं नाही. मोबाइलवर इकबाल होता. त्याचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला.

"अब्बा, बासष्ट वय हाय तुमचं! हौसच असेल तर पुण्याची टूर कंपनी बघतो. गाइड असतो, जेवण आपलं मिळतं, एअरपोर्टवर माणूस येतो."

"पाटी घेऊन?" अय्यूबभाईंनी विचारलं.

"व्हय, पाटी घेऊन."

"मग नको."

"अम्मी, तू तरी सांग गो त्यांना!"

नूरबानोभाभी शांतपणे म्हणाल्या, "जाऊ दे रे. इतकी वर्षं मी हे घर एकटीने ओढलं. ते एक डोंगर एकटे चढतील."

पण इकबाल सुपरवायझर माणूस, अटी घातल्याशिवाय कशाला हो म्हणेल? अट अशी: एक दिवसाआड फोन करायचा. काही अडचण आली असं कळलं की इकबाल ओळखीतून माणूस पाठवणार, तो अब्बांना विमानात बसवणार, आणि अब्बांनी मुकाट्याने यायचं. अय्यूबभाईंनी विचार केला आणि कबूल केलं. मला नंतर पुलावर म्हणाले, "म्हणजे मास्तर, अडचण आली तर पुन्हा न्यायला माणूस. जन्मभर झालं तेच." तेव्हा मला कळलं की ते डोंगराला घाबरत नव्हते, त्या माणसाला घाबरत होते.

तयारी पावसाळ्यात झाली. सोबतीला हैबतराव. कासूकडचा हा शेतकरी, वालाच्या शेंगा विकायला रोह्यात येता-येता अय्यूबभाईंचा दोस्त झालेला. आवाज असा की कुजबुजला तरी पलीकडच्या शेतात ऐकू जावं. दोघे आठवड्यातून दोनदा रोह्याजवळचा अवचितगड चढत. जुलैचा पाऊस कोसळतो आहे, वाटेचा ओढा झालाय, आणि एक मोठी काळी छत्री, एक घोंगडीची खोळ असे दोन म्हातारे वर चाललेत. पायथ्याच्या पिंगळसईच्या बायका विचारत, "अवो, पावसात खंय चाललाव?" हैबतराव म्हणे, "जपानला! वाट इकडूनच हाय!"

पावसासाठी थांबणं हा प्रकार आपल्याकडे नाही. थांबायचं म्हटलं तर चार महिने घरात बसावं लागेल. लावणी पावसात, बाजार पावसात, मयत पावसात. पाऊस म्हणजे अंगावर पडणारं पाणी, यापलीकडे त्याचं भय आपल्याला ठाऊक नाही. पुढे जे घडलं ते यातूनच घडलं.

दोन हजार अठराच्या ऑक्टोबरात अय्यूबभाई निघाले. व्हिसासाठीचे सगळे हेलपाटे त्यांनी स्वतः घातले. नूरबानोभाभींनी विणलेला स्वेटर, सुक्या बोंबलाची चटणी, पेणचे पोह्याचे पापड, नमाजासाठी जानमाज आणि ती काळी छत्री, एवढं सामान. पासपोर्ट शर्टाच्या आतल्या खिशात. तो खिसा भाभींनी मुद्दाम शिवला होता.

टोकियोला उतरल्यावर बाहेर पाट्या धरलेली माणसं ओळीने उभी होती. अय्यूबभाईंनी एकेक पाटी वाचली. एकीवरही आपलं नाव नाही याची खात्री करून घेतली आणि मग ते पुढे गेले. हे सांगताना ते लहान मुलासारखे हसले होते.

पुढच्या स्टेशनावर त्यांना पहिली ओळखीची गोष्ट भेटली. गाडी सुटताना पांढरे हातमोजे घातलेला गार्ड फलाटाकडे बोट रोखून काहीतरी म्हणाला. अय्यूबभाईंचा हात आपोआप वर गेला. "योशी!" गार्डने मान वळवून या दाढीवाल्या, छत्रीवाल्या माणसाकडे पाहिलं. कामावर असल्यामुळे तो हसला नाही, पण टोपीला बोटं लावली. "मास्तर," अय्यूबभाई म्हणाले, "त्या दिसापास्नं मी परका नव्हतो."

उत्तरेकडे जाताना गाडी वेगवान, पण खिडकीबाहेर भातच भात. कुठे कापणी झालेली, कुठे पेंढ्या बांबूंवर वाळत टाकलेल्या. मधल्या एका गावी ते मुक्कामाला उतरले, केवळ स्टेशनातून नदी दिसली म्हणून. कुणाला विचारायचं नव्हतं. दिवसभर त्या नदीच्या काठाने चालले, भाताचा गोळा आणि मासा खाल्ला, संध्याकाळी पुन्हा गाडीत बसले. त्या दिवसाबद्दल विचारलं तर ते एवढंच सांगतात, "उतरावंसं वाटलं, उतरलो." पण हे वाक्य ते ज्या थाटात म्हणतात, तो थाट मी शाळेत पहिला आलेल्या मुलांच्या बापांतच पाहिला आहे.

हिरोसाकी नावाच्या गावातून बसने ते डोंगराच्या पायथ्याशी गेले. दोन्ही बाजूंना सफरचंदाच्या बागा, लाल फळांनी वाकलेल्या फांद्या. मुक्काम एका लहानशा घरगुती खानावळीत. मालकीण मिकामी नावाच्या, सत्तरीच्या, कंबरेत जरा वाकलेल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. अय्यूबभाईंची जपानी ही साइटवरची: उचल, धर, वर, खाली, थांब, धोका. त्यात 'कृपया' नाही. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी चहा मागितला तो क्रेनवाल्याला हुकूम सोडावा तसा. मिकामीबाई हातातला ट्रे घेऊन तिथेच बसल्या आणि डोळे पुसत हसल्या. मग मुद्दाम कडक सॅल्यूट ठोकून चहा आणला. अय्यूबभाई त्यांना 'मिकामीबाय' म्हणू लागले, त्या त्यांना 'फोरमन-सान', म्हणजे फोरमनसाहेब.

डोंगरावर अर्ध्याहून वरपर्यंत बस जाते, पुढे तारेवरचा पाळणाही आहे. पण जुनी वाट पायथ्याच्या देवळापासून निघते आणि सरळ चढते. अय्यूबभाईंनी तीच धरली. सकाळी शेंड्यांवर ढगाची टोपी होती. मिकामीबाईंनी तिकडे बोट दाखवून मान हलवली, बरंच काही बोलल्या. त्यातला 'पाऊस' हा शब्द अय्यूबभाईंना कळला. त्यांनी छत्री उंच धरली आणि म्हणाले, "पाऊस? योशी!" बाईंनी सुस्कारा टाकला आणि त्यांच्या पिशवीला एक घंटा बांधून दिली, आपण बैलाच्या गळ्यात बांधतो तशी. रानात अस्वलं आहेत, त्यांना आवाज गेला पाहिजे.

चढाव अवचितगडाच्या चौपट. आधी बीचचं रान, पानं पिवळी पडायला लागलेली. मग झाडं खुजी होत गेली आणि वाट दगडांच्या घळीत शिरली. रिमझिम सुरू झाली. अय्यूबभाईंनी छत्री उघडली. सुती बनियन, टेरिकॉटचा शर्ट, वर स्वेटर. पाय मजेत होते. एका झऱ्यापाशी वरून उतरणारं जोडपं भेटलं. दोघांनी दोन्ही हात छातीपुढे आडवे-तिडवे धरून फुली केली. म्हणजे वर जाऊ नका. अय्यूबभाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला, छत्रीकडे बोट दाखवलं, आणि पुढे चालू लागले. माझा कयास आहे की रोहा-पेणचा कुणाही माणसाने तेच केलं असतं. पावसाला भिऊन मागे फिरायचं, हे आपल्या हाडात नाही.

वर गेल्यावर आडोसा संपला आणि वारा लागला. आपला वारा पावसाला घेऊन येतो. हा वारा अंगातली ऊब घेऊन जात होता. छत्री पहिल्याच झोतात उलटी झाली, दुसऱ्यात काड्या मोडल्या. स्वेटर पाण्याने जड झाला. बनियन अंगाला चिकटलं आणि तिथून थंडी आत शिरली. खडकातलं एक लहानसं तळं लागलं. तिथे पूर्वी शेतकरी येऊन यंदा पीक कसं येईल याचा कौल घेत. एरवी अय्यूबभाई तिथे तासभर बसले असते. त्या दिवशी त्यांना तळ्याचा दुसरा काठही दिसला नाही.

शेवटच्या चढाच्या खाली एक निवाऱ्याची खोली आहे. फार वर्षांपूर्वी हिवाळ्यात शाळेतली काही मुलं या डोंगरावर बर्फाच्या वादळात वाट चुकली आणि परत आली नाहीत. त्यांच्या आठवणीत ती बांधली. अय्यूबभाईंना हे नंतर मिकामीबाईंकडून कळलं. मी शाळेतला माणूस. हे ऐकताना मी त्यांना थांबवलं आणि पुन्हा सांगायला लावलं.

खोलीत ते एकटेच होते. थर्मासचं झाकण उघडता येईना. ज्या हातांनी जन्मभर पाइपचे पाने फिरवले, त्यांची बोटं लाकडासारखी झालेली. दातांनी झाकण फिरवलं, चहा प्यायले. वर शेंडा म्हणजे अर्ध्या तासाची गोष्ट. एवढ्या लांबून आलेला माणूस अर्ध्या तासासाठी परत फिरतो का? उद्याचं परतीचं तिकीट काढलेलं. आणि इथे जर पाय घसरला, तर इकबालचा माणूस येणार.

दाराशी उभं राहून त्यांनी सवयीप्रमाणे सुरुवात केली. बुटांकडे बोट: "योशी." पिशवीकडे बोट: "योशी." मग हात. बोट दाखवायला उचललेला हातच थरथरत होता. तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरला. मग वर, जिथे शेंडा असायला हवा होता तिथे, त्या करड्या धुक्याकडे बोट रोखलं आणि तसेच उभे राहिले.

"मास्तर, शब्द तोंडात होता," ते मला म्हणाले. "बोलायला कोण अडवतोय? पण बोट खोटं बोलंना."

त्यांनी दार लावून घेतलं आणि इकबालला फोन केला.

दोह्यात पहाट होती, इकबाल शिफ्टला निघत होता. हा फोन कसा झाला ते मी बाप-लेक दोघांकडूनही ऐकलं आहे, आणि दोघांच्या सांगण्यात फरक नाही.

"इकबाल, मी मागे फिरतोय."

"काय झालं? पडलात? खंय हाव? थांबा, हलू नका, टोकियोत आमच्या कंपनीचा एक—"

"पडलो नाय. शेंड्याखाली हाय. वर वारा हाय, अंग भिजलंय, हाताला कंप हाय. म्हणून खाली चाललो."

"मग माणूस पाठवू ना?"

"माणूस कशाला?"

"मग फोन कशाला केलात, अब्बा?"

"सांगायला. मी ठरवलं ते तुला सांगायला. विचारायला नाय."

इकबालने विचारलं, "कोण हाय तिथं तुमच्याबरोबर?"

"कोण नाय. इथं फोरमन मीच."

खाली उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. दगड निसरडे, गुडघे बोलायला लागलेले. झाडी लागली तसा वारा तुटला आणि बोटांत मुंग्या आल्या. मिकामीबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी या माणसाला आपादमस्तक पाहिलं, स्वेटर वर करून आतलं ओलं बनियन चिमटीत धरलं आणि जे बोलल्या ते कळायला भाषा लागत नव्हती. सुती कपडा डोंगरावर घालतात का! म्हातारपणी अक्कल येते म्हणतात, तुमची वाटेत उतरली का! मग गरम पाण्याच्या कुंडात धाडलं आणि बाहेर आल्यावर नवऱ्याचा जुना लोकरीचा शर्ट व रेनकोट समोर आणून ठेवला. अय्यूबभाईंनी कपडे घेतले. बनियन त्यांनी स्वतः दोरीवर टाकलं. बाईंनी ते काढून पायपुसण्याशेजारी टाकलं.

दुसऱ्या दिवशीही ढग हटले नाहीत. तिसऱ्या दिवशी आभाळ मोकळं होईल असं टीव्हीवरच्या नकाशात दिसत होतं. पण तिकीट दुसऱ्या दिवसाचं होतं. आता हे वाचून कुणी म्हणेल, तिकीट बदलणं यात काय मोठंसं. ज्याच्या हातात जन्मभर दुसऱ्याने काढलेलं तिकीट आलं, ज्याच्यासाठी तारीख म्हणजे पाळायची गोष्ट, बदलायची नव्हे, त्याच्यासाठी ते मोठं होतं. बसने स्टेशनवर जाऊन ते खिडकीपुढे उभे राहिले. साइटच्या जपानीत त्यांनी सांगितलं, "उद्या डोंगर. तिकीट मागे." खिडकीतल्या मुलीने विचारलं असावं, का? त्यांनी डोंगराच्या दिशेला हात केला. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि नवं तिकीट सरकवलं. त्यावरची तारीख, गाडी, डबा, एकेका गोष्टीवर बोट ठेवून अय्यूबभाईंनी योशी म्हटलं. मागे रांगेत उभ्या असलेल्या लोकांपैकी कुणी कुरकुरलं नाही.

तिसरा दिवस धुतलेल्या ताटासारखा उजाडला. त्या दिवशीचा चढ त्यांनी मला फार थोडक्यात सांगितला. लोकरीचा शर्ट चावत होता. तळ्याचा दुसरा काठ दिसला. शेवटचा चढ म्हणजे मोठमोठे सुटे दगड, वाटेवर रंगाचे ठिपके, दोन्ही हात टेकत जायचं. वर लहानसं देऊळ आणि चारी बाजूंना उतार. एका अंगाला समुद्र, एका अंगाला सपाट भातशेती, पिवळी, कापणीला आलेली, आणि तिच्या कडेने सफरचंदाच्या बागा. ज्या शेतीच्या चित्राकडे त्यांनी वाळवंटातून पाहिलं होतं, ती शेती आता पायाखाली होती.

शिखरावर पाच-सहा जपानी म्हातारे डबे उघडून बसले होते. त्यांनी विचारलं, कुठून आलात? अय्यूबभाईंनी इंडिया सांगितलं, मग राहवेना म्हणून रोहा सांगितलं. कुणासोबत? त्यांनी छातीवर हात ठेवला. "हितोरी." म्हणजे एकटा. म्हाताऱ्यांनी "ओहो" केलं आणि सरकून जागा दिली. पेणचे पापड मिकामीबाईंनी आदल्या रात्रीच भाजून दिले होते; ते फुटून चुरा झाले होते, तरी संपले. त्यातल्या एकाने अय्यूबभाईंचा फोटो काढला. तो फोटो आता त्यांच्या बैठकीत आहे: लोकरीचा चौकडीचा शर्ट, पिशवीला घंटा, डोळे उन्हाने बारीक झालेले, आणि पाठ अशी ताठ की भाभी म्हणतात, निकाहच्या फोटोत पण इतकी ताठ नव्हती.

त्यांना घ्यायला मुंबईला कुणी गेलं नाही. त्यांनीच सांगितलं होतं. ते पनवेलहून गाडीने रोह्याला उतरले आणि पुलावरून चालत घरी आले. नूरबानोभाभींनी दार उघडून विचारलं, "दमलाव?" ते म्हणाले, "नाय." आणि मग दोन दिवस झोपले.

जानेवारीत इकबाल रजेवर आला. वालाच्या शेंगा भरल्या होत्या. हैबतरावाने शेतावर पोपटी लावली आणि आम्हा सगळ्यांना बोलावलं. मडक्यात शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-ओवा, भांबुर्डीचा पाला घट्ट कोंबलेला. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. दिवस मावळत होता. गावातली दहा-बारा माणसं जाळाभोवती गोलाने बसलेली. हैबतरावाला गप्प बसवत नव्हतंच.

"काय अय्यूबभाय, आम्ही ऐकलं ता खरं काय? पहिल्या खेपेला पावसाला भिऊन पळून आलाव म्हणं! आमच्या अवचितगडाची अब्रू घालवली की वो!"

सगळे हसले. अय्यूबभाईही हसले. मी इकबालकडे पाहिलं. लहानपणी वर्गात त्याला कुणी खोडी काढली की तो असाच आधी कान लाल करायचा.

"पळून नाय, काका," तो म्हणाला. "ऐका, मी सांगतो."

आणि त्याने सांगितलं. शिखराची, फोटोची गोष्ट नाही, निवाऱ्याच्या खोलीची. वारा कसा होता, बोटं कशी उघडत नव्हती, शेंडा अर्ध्या तासावर कसा होता. सांगता सांगता वारा वाढत गेला.

"माणूस उडून जाईल असा वारा—"

"माणूस नाय, छत्री," अय्यूबभाईंनी दुरुस्त केलं.

"बरं, छत्री. आणि तिथून मला फोन. मी म्हटलं माणूस पाठवतो. तर म्हणतात, विचारायला नाय, सांगायला केला." इकबालने जाळातलं एक लाकूड आत सारलं. "माझ्या हाताखाली साठ माणसं हायत, काका. उंचावर काम करतात. वारा वाढला तरी एक जण खाली यायचं नाव काढत नाय, कारण मी काय म्हणीन याची भीती. त्या दिवशी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, माझा बाप बासष्टाव्या वर्षी एकटा जपानला गेलाय, आणि आज शेंड्याखालून मागे फिरला. ज्याला वाटेल थांबायला हवं, त्याने थांबायचं आणि मला येऊन फक्त सांगायचं. विचारायचं नाय."

हैबतरावाने काठीने जाळ बाजूला सारला.

ही गोष्ट अय्यूबभाई पहिल्यांदाच ऐकत होते. इकबालने ती फोनवर कधी सांगितली नव्हती. मडकं फोडून शेंगा कागदावर ओतल्या तेव्हा त्यातून वाफ निघत होती. सगळ्यांनी हात घातले. अय्यूबभाईंनी एक शेंग उचलली, सोलली, दाणे तळहातावर घेतले, आणि खायचं विसरून मुलाकडे बघत राहिले.

"मीठ कमी हाय काय?" हैबतरावाने विचारलं.

"नाय रे," अय्यूबभाई म्हणाले, "गरम हाय." आणि त्यांनी दाण्यांवर फुंकर घातली.